माणसावरील प्रयोग व माणसाची संमति

शाळेंत लस टोंचणारी मंडळी येणार असें कळलें कीं वर्गावर्गांतून जी कुजबुज सुरू होते, ती आमच्या वाचकांस नवी नाहीं. २०१८ सालच्या अखेरीस गोवर व रुबेला या रोगांची लस महाराष्ट्रांतील शाळाशाळांतून टोंचण्यांत आली, तेव्हांहि तीच कुजबुज होती. धीट मुलें बाही सरसावून पुढें होतात, भित्रीं मुलें रांगेच्या टोकाशीं जाऊन उभीं राहतात, आणि कांहीं थोडीं मुलें मात्र विचार करीत बसतात. अशाच एका विचारी मुलानें आम्हांस एकदां विचारलें, “गुरुजी, लस सगळ्यांत आधीं कोणाला टोंचत असतील? आणि त्याला कोणी विचारत असेल का?” पहिल्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत सांपडतें. दुसऱ्याचें उत्तर देतांना आम्ही थबकलों. त्या थबकण्यांतूनच प्रस्तुत लेख निघाला आहे.

कोणतेंहि औषध प्रथम कांचेच्या नळींत, मग उंदीर, ससा अशा प्राण्यांवर पारखलें जातें, हें आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे. प्राण्याला मानवलेलें औषध माणसाला मानवेलच असा भरंवसा नसतो. म्हणून शेवटची कसोटी माणसाच्या देहावरच लागते. ती सर्वस्वीं टाळावयाची असें पूर्वींच्या लोकांनीं ठरविलें असतें, तर देवीपासून पोलिओपर्यंत ज्या लसींनीं कोट्यवधि मुलें वांचलीं त्यांस आपण मुकलों असतों. तेव्हां माणसावर प्रयोग करावे कीं करूं नयेत हा खरा प्रश्नच नाहीं. प्रश्न असा आहे कीं, प्रयोग कोणाच्या देहावर करावयाचा, त्याला काय सांगून करावयाचा, त्याला ‘नाहीं’ म्हणतां येतें कीं नाहीं, आणि त्यांतून निघालेलें फळ शेवटीं कोणाच्या पदरांत पडतें. जेथें शास्त्रज्ञ एका देशाचा व एका दर्जाचा, आणि ज्याच्या दंडांत सुई टोंचावयाची तो दुसऱ्या भाषेचा, दुसऱ्या चालीरीतींचा व बहुधा गरीब असतो, तेथें हे चारहि प्रश्न अधिकच बिकट होतात. त्यांचा विचार करण्यासाठीं आपणांस फार दूर जावें लागत नाहीं. आपल्याच महाराष्ट्राच्या गेल्या सव्वाशें वर्षांच्या इतिहासांत त्याचे धडे आहेत.

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत गांठीचा प्लेग प्रकट झाला, आणि लोक शहर सोडून पळूं लागले. ऑक्टोबरांत वाल्डेमार हाफकिन हे मुंबईस येऊन दाखल झाले. ओडेसा येथें १८६० सालीं जन्मलेले हे ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम करीत असत; पटकीवर लस तयार करून ते १८९३ सालींच हिंदुस्थानांत आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजांत मिळालेल्या अपुऱ्या जागेंत, मोजक्या मदतनिसांस हाताशीं धरून त्यांनीं प्लेगवर लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचवून घेतली. त्यांस ताप आला, टोंचल्या जागीं वेदना झाल्या, परंतु त्यापलीकडे अपाय झाला नाहीं.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकीं जे स्वेच्छेनें पुढें आले, अशा सुमारें निम्म्यांस लस टोंचण्यांत आली. बाकीच्यांस टोंचली नाहीं. पुढील दिवसांत न टोंचलेल्यांपैकीं १२ जणांस प्लेग होऊन ६ दगावले. टोंचलेल्यांपैकीं २ जण आजारी पडले, पण मृत्यु एकहि आला नाहीं. या आंकड्यांनीं लसीची उपयुक्तता दिसून आली, आणि पुढें लक्षावधि लोकांस ती टोंचली गेली.

येथें आम्ही वाचकांस क्षणभर थांबावयास सांगतों. जी जोखीम दुसऱ्यास घ्यावयास सांगावयाची ती आधीं स्वतः घ्यावी, हा हाफकिन यांचा बाणा थोर होता यांत शंका नाहीं. परंतु तेवढ्यानें आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर होतें काय? हाफकिन यांनीं जेव्हां स्वतःस ‘होय’ म्हटलें, तेव्हां कुपींत काय आहे हें त्यांस पूर्ण ठाऊक होतें, कारण ती त्यांनींच भरली होती. कैद्याची स्थिति निराळी. बाहेरचा मुंबईकर प्लेगाच्या भीतीनें गांवीं पळूं शकत होता. कैद्यास भिंत ओलांडतां येत नव्हती. समोर तुरुंगाचा अधिकारी, आंत प्लेग, आणि हातांत लस घेऊन उभा असलेला गोरा साहेब. अशा ठिकाणीं उच्चारलेलें ‘होय’ कितपत मोकळें असतें? कोणावर जुलूम झाला असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्याला ‘नाहीं’ म्हणणें अवघड आहे त्याच्या ‘होय’चें वजन करतांना तराजू फार जपून धरावा लागतो. आज जगांतील अनेक सभ्य देशांत कैद्यांवरील प्रयोगांस विशेष निर्बंध आहेत, त्याचें कारण हेंच.

तरी पण विचारणें आणि न विचारणें यांत किती अंतर आहे हें त्याच वर्षीं पुण्यास दिसून आलें. तेथें रँडसाहेबांच्या हाताखालील प्लेग कमिटीनें गोऱ्या शिपायांकरवीं घरोघर झडत्या घेतल्या. शिपाई स्वयंपाकघरांत व देवघरांत शिरत. आजाऱ्यांस इस्पितळांत व निरोग्यांस छावणींत नेलें जाई. हेतु रोग थोपविण्याचा होता. पण लोकांस त्यांत केवळ अपमान दिसला, आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. त्या वधाचा विचार हा या लेखाचा विषय नाहीं. विश्वास गमावल्यावर चांगला हेतुहि कसा निष्फळ होतो, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे. उलट मुंबईंत आगाखान यांनीं चारचौघांदेखत स्वतः लस टोंचवून घेतली, तेव्हां त्यांच्या खोजा समाजांतील हजारों लोक आपण होऊन पुढें आले. आपल्या भाषेंत बोलणाऱ्या, आपल्या मानलेल्या माणसानें सांगितलें म्हणजे भीति ओसरते. शास्त्रास जे दरवाजे हुकमानें उघडतां येत नाहींत, ते विश्वासानें उघडतात.

हा विश्वास नाजूकहि असतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल या गांवीं प्लेगची लस टोंचली जात असतां एकाच कुपींतून टोंचलेल्या १९ जणांस धनुर्वात होऊन ते सर्व मरण पावले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर व हाफकिन यांच्यावर ठेवण्यांत आला, आणि त्यांस आपली जागा सोडावी लागली. पुढें असें निष्पन्न झालें कीं, कुपी उघडतेवेळीं तेथेंच चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करतां पुन्हां वापरला गेला. सर रोनाल्ड रॉस आदिकरून मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीं हाफकिन यांची बाजू उचलली, आणि १९०७ सालीं त्यांच्यावरील कलंक धुऊन निघाला. परळच्या प्रयोगशाळेस १९२५ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें, हें योग्यच झालें. पण मुल्कोवालच्या त्या १९ गांवकऱ्यांचीं नांवें आपल्यापैकीं कोणास ठाऊक आहेत? संशोधनाच्या इतिहासांत शास्त्रज्ञाचें नांव राहतें आणि ज्यांनीं देह पुढें केला ते केवळ आंकडे होऊन राहतात. ही विसंगति मनांत बाळगूनच पुढील कथा वाचावी.

आतां प्रयोगाच्या रीतीविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. औषधानें गुण आला हें सिद्ध करावयाचें तर औषध न मिळालेल्यांशीं तुलना करावी लागते. एरवीं रोगी आपोआप बरा झाला कीं औषधानें, हें कसें कळावें? म्हणूनच १८९८ सालीं बडोद्याजवळील उंढेरा या गांवीं असा प्रयोग झाला कीं, प्रत्येक कुटुंबांतील सुमारें निम्म्या माणसांस लस टोंचावयाची व निम्म्यांस नाहीं. घर तेंच, अन्न तेंच, हवापाणी तेंच. फरक फक्त लसीचा. नंतर ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्यांत टोंचलेलीं ७१ माणसें होतीं. त्यांपैकीं ८ आजारी पडून ३ मेलीं. न टोंचलेल्या ६४ जणांपैकीं २७ आजारी पडले व २६ मेले. शास्त्राच्या दृष्टीनें याहून स्वच्छ पुरावा मिळणें कठीण. पण एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोघां भावांपैकीं एक टोंचलेला व एक न टोंचलेला अशी कल्पना करून पहावी, म्हणजे या स्वच्छ पुराव्याची किंमत ध्यानांत येते.

मग तुलना करणेंच पाप म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या उपायाचा गुण खरोखरच अनिश्चित आहे, तेथें तो न मिळालेल्याचें निश्चित नुकसान केलें असें म्हणतां येत नाहीं. कदाचित् औषधच अपायकारक ठरावयाचें. परंतु ज्या क्षणीं गुण निश्चित झाला, त्या क्षणापासून तो उपाय जाणूनबुजून रोखून धरणें अन्याय होय. ही रेषा ओलांडल्याचें कुप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील. अलाबामा संस्थानांतील टस्कीगी येथें १९३२ पासून उपदंशाचे ३९९ रोगी व तुलनेसाठीं २०१ निरोगी असे कृष्णवर्णीय पुरुष, बहुतेक गरीब शेतकरी, केवळ निरीक्षणाखालीं ठेवण्यांत आले. त्यांस रोगाचें खरें नांव सांगितलें नाहीं. पेनिसिलिननें हा रोग बरा होतो हें सिद्ध झाल्यावरहि त्यांस तें दिलें नाहीं. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला तेव्हां, म्हणजे १९७२ सालीं, हा प्रकार थांबला. चाळीस वर्षें! आणि हें करणारे कोणी राक्षस नव्हते. ते सरकारी आरोग्यखात्याचे सुशिक्षित डॉक्टर होते.

दुसऱ्या महायुद्धांत जर्मनींतील छळछावण्यांतून डॉक्टरांनीं जीं अमानुष कृत्यें केलीं, त्यांचा न्याय न्यूरेंबर्ग येथें झाला, आणि १९४७ सालच्या निकालपत्रांत माणसावरील प्रयोगांसाठीं दहा नियम घालून दिले गेले. त्यांतील पहिला नियम असा कीं, ज्याच्यावर प्रयोग व्हावयाचा त्याची स्वखुषीची संमति सर्वथा आवश्यक आहे. पुढें १९६४ सालीं जागतिक वैद्यक संघटनेनें हेलसिंकी येथें आपलें घोषणापत्र प्रसिद्ध केलें. आपल्या देशांत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें १९८० सालीं प्रथम या विषयावर आपलें धोरण मांडलें, व २०००, २००६ आणि २०१७ सालीं सविस्तर मार्गदर्शक नियम दिले. टस्कीगीचा प्रयोग न्यूरेंबर्गच्या निकालानंतरहि पंचवीस वर्षें चालूच होता हें लक्षांत घेतलें, म्हणजे नियम कागदावर असणें आणि मनांत असणें यांतील अंतर कळतें.

आतां पुन्हां महाराष्ट्रांत येऊं. उस्मानाबाद जिल्हा, ज्यास २०२३ पासून धाराशिव हें नांव आहे, तेथें व शेजारच्या बार्शीच्या आधारानें एक मोठा प्रयोग झाला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा आपल्या खेड्यांतील स्त्रियांचा मोठा शत्रु. तो वेळींच ओळखला तर टळतो. बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय, मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं मिळून १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट केले. पैसा अमेरिकेंतील गेट्स प्रतिष्ठानाकडून आला. एका गटाची तपासणी विषाणूच्या कसोटीनें झाली. दुसऱ्याची पेशी कांचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं. तिसऱ्याची सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनीं. चौथा गट तुलनेचा, त्यांत ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांस रोगाची माहिती दिली, पण प्रयोगांत त्यांची तपासणी केली नाहीं. आठ वर्षांनीं हिशेब झाला तेव्हां विषाणूची कसोटी झालेल्या गटांत या रोगानें ३४ स्त्रिया दगावल्या होत्या, तर चौथ्या गटांत ६४. हा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला.

यावरून मोठा वाद माजला. टीकाकार म्हणाले: सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीनें हा रोग टळतो हें पाश्चात्त्य देशांत कित्येक दशकें माहीत होतें, तेथें कोणी हजारों स्त्रियांस विनातपासणी ठेवून त्यांचे मृत्यु मोजले असते काय? मग उस्मानाबादच्या शेतमजूर बाईस वेगळा न्याय कां? शास्त्रज्ञांनीं उत्तर दिलें: भारतांतील खेड्यांत कोणतीच नियमित तपासणी अस्तित्वांत नव्हती, तेव्हां चौथ्या गटांतील स्त्रियांपासून आम्हीं कांहीं हिरावून घेतलें नाहीं. पाश्चात्त्य रीतीस जे तज्ज्ञ व ज्या प्रयोगशाळा लागतात त्या येथें नाहींत. म्हणून येथें कोणती रीत चालेल हें येथेंच पारखणें भाग होतें, आणि तुलनेवांचून सरकारास पटविणें अशक्य होतें.

या वादांत दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकूनच मत बनवावें. शास्त्रज्ञांचें उत्तर पोकळ नाहीं. गरीब देशाचे प्रश्न गरीब देशांतच सोडवावे लागतात, आणि त्यांच्या कामामुळें जगास फार मोलाचें ज्ञान मिळालें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं विषाणूच्या कसोटीस प्रथम स्थान दिलें, त्यामागील पुराव्यांत या स्त्रियांचा वांटा आहे. तथापि ‘त्यांना आधींहि कांहीं मिळत नव्हतें’ हा युक्तिवाद आमच्या मनास टोंचतो. दारिद्र्य हें कांहीं सृष्टीचा नियम नव्हे. तें आधार धरून जर कोणाच्या वांट्यास कमी द्यावयाचें ठरलें, तर जो अधिक गरीब त्यावर प्रयोग करणें अधिक सोपें, असा उलटा न्याय होईल. आमच्या मतें येथें निर्णायक प्रश्न हा कीं, चौथ्या गटांतील स्त्रीस साध्या मराठींत असें सांगितलें गेलें काय: “बाई, हा रोग आधीं ओळखण्याची तपासणी जगांत आहे, या प्रयोगांत ती तुमच्या वांट्यास येणार नाहीं, तरी तुम्ही सामील होतां काय?” एवढें उमगून जिनें होकार दिला, तिचा होकार खरा. आणि दुसरें असें कीं, ज्या जिल्ह्यानें हें ज्ञान जगास दिलें, त्या जिल्ह्यांतील प्रत्येक स्त्रीस ती तपासणी दाराशीं मिळणें हें दान नव्हे, तें ऋण आहे.

आमच्यासारख्या शिक्षकांस अधिक लागणारा प्रसंग तेव्हांच्या आंध्र प्रदेशांतील खम्मम जिल्ह्याचा. याच कर्करोगावरील लस १० ते १४ वयाच्या हजारों मुलींस २००९ सालीं तेथें टोंचण्यांत आली. त्यांतील पुष्कळ मुली आदिवासी होत्या व वसतिगृहांत राहत. असाच उपक्रम गुजरातेंत बडोदे जिल्ह्यांतहि चालला होता. दोन्ही ठिकाणीं मिळून सात मुलींचे मृत्यु झाल्यावर २०१० च्या एप्रिलांत हें काम थांबविण्यांत आलें. ते मृत्यु लसीमुळें झाल्याचें चौकशींत आढळलें नाहीं, आणि ही लस उपयुक्त आहे हेंहि येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. दोष निघाला तो संमतीच्या कागदांत. संसदीय समितीनें २०१३ सालीं दिलेल्या अहवालावरून दिसतें कीं, आंध्रांतील ९,५४३ संमतिपत्रांपैकीं २,७६३ पत्रांवर सह्या वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या वा मुख्याध्यापकांच्या होत्या; १,९४८ पत्रांवर नुसते अंगठे होते. आईबाप दूर पाड्यावर, मूल शाळेच्या छत्राखालीं, आणि सही मास्तरांची! मूल आपल्या हवालीं आहे म्हणजे त्याचा देह आपल्या मालकीचा झाला असें नव्हे. हा धडा प्रत्येक शाळेनें दारावर लिहून ठेवण्यासारखा आहे.

इतके दोष पाहिल्यावर वाचकांस वाटेल कीं, हें काम नीट होणेंच शक्य नाहीं. तसें नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालापासून ‘सर्च’ या संस्थेच्या द्वारें केलेलें काम पहावें. आरंभीं त्यांनीं तेथील आदिवासींत सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग असल्याचें शोधून काढलें. शास्त्रीय दृष्टीनें शोध मोठा होता. पण लोकांस त्याचें फारसें कौतुक वाटलें नाहीं; ही त्यांची निकडीची अडचण नव्हती, आणि त्या रोगावर त्या वेळीं त्यांस देण्याजोगा उपायहि हातांत नव्हता. लोकांवर संशोधन करणें वेगळें आणि लोकांसह, त्यांच्या प्रश्नावर संशोधन करणें वेगळें, हें यांतून दिसून आलें. पुढें आदिवासींच्या आरोग्यसभा भरवून तुमचें दुखणें कोणतें, असें त्यांनाच विचारण्यांत येऊं लागलें. मोठमोठ्या इमारतींचें इस्पितळ परकें वाटतें असें कळल्यावर त्यांच्या पाड्यासारख्या झोंपड्यांचें इस्पितळ बांधलें गेलें, आणि त्यास नांव दिलें तें त्यांच्या माता दंतेश्वरीचें.

याच संस्थेनें ३९ गांवांत थोडें शिकलेल्या खेड्यांतील स्त्रियांस तयार करून नवजात बालकांची घरच्याघरीं शुश्रूषा करण्याचा प्रयोग केला. नवजात बालकांच्या मृत्यूचें प्रमाण दर हजारीं ६२ होतें, तें सुमारें २५ वर आलें. १९९९ सालीं हा निष्कर्ष जगापुढें मांडला गेला. आम्ही हें लपवीत नाहीं कीं, येथेंहि तुलनेचीं ४७ गांवें होतींच. मग फरक कोठें? घरच्याघरीं, डॉक्टरावांचून, आजारी तान्हें वांचूं शकतें कीं नाहीं हें त्या वेळीं खरोखरच कोणास ठाऊक नव्हतें. प्रश्न त्या लोकांचा होता. विचारणारे पाहुणे नव्हते; ते तेथेंच राहत होते. आणि गुण सिद्ध झाल्यावर तो उपाय परदेशीं गेला नाहीं. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या द्वारें देशभर बाळबाळंतिणींच्या दारीं पोंचूं लागला.

हे सर्व धडे आमच्या नाशिक जिल्ह्यास लागू आहेत. येथें १९९८ पासून महाराष्ट्राचें आरोग्यविज्ञान विद्यापीठ आहे, आणि येथेंच सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली लोकांची वस्ती आहे. एकीकडे विद्या, दुसरीकडे गरज. मधें कांहीं कोसांचें अंतर, पण भाषेचें अंतर त्याहून मोठें. एक साधें उदाहरण घेऊं. ‘चाचणी’ हा शब्द आपण सर्रास वापरतों. ‘औषधाची चाचणी’ असें डॉक्टर म्हणतो, तेव्हां पारखलें जातें तें औषध. परंतु पाड्यावरचा माणूस समजतो कीं, आपल्या दुखण्याची तपासणी होते आहे व आतां आपणांस बरें वाटणार. ‘प्रयोग’ म्हणावें तर त्यास नाटकाचा प्रयोग आठवतो. म्हणजे शब्द उच्चारला गेला, कान डोलला, पण अर्थ पोंचलाच नाहीं.

आणखी पहा. “तुम्ही म्हणाल तसं, साहेब” हें आपल्या खेड्यांतील नेहमींचें उत्तर. तें अदबीचें आहे, संमतीचें नव्हे. अंगठा उमटविणें म्हणजे सावकाराच्या कागदाची आठवण. ज्याच्या आज्याची जमीन अंगठ्यापायीं गेली, तो कागद पाहून बिचकला तर त्यास अडाणी म्हणूं नये. बाई म्हणते, “घरीं विचारून सांगते.” परदेशी तऱ्हेच्या फॉर्मांत यास जागा नसते, कारण तेथें माणूस एकटा निर्णय घेतो असें गृहीत धरलेलें असतें. आपल्याकडे माणूस चार माणसांत बसून विचार करतो. तिला घरीं विचारावयास वेळ दिला पाहिजे, प्रसंगीं गांवसभेपुढेंहि विषय मांडला पाहिजे. मात्र नवऱ्याचा वा पाटलाचा होकार तिच्या होकाराच्या जागीं चालणार नाहीं. चालीरीतींचा मान राखणें निराळें, आणि चालीरीतींच्या आड एकाचा देह दुसऱ्याच्या शब्दावर वापरणें निराळें.

सध्यांच्या कायद्यानें पुष्कळ सोय केली आहे. २०१९ च्या नियमांनुसार नवीन औषधाच्या प्रयोगास नीतिसमितीची मान्यता लागते. समितींत निदान सात सभासद असावे, त्यांत एक स्त्री, एक कायदेपंडित व एक सामान्य नागरिक असावा असा दंडक आहे. प्रयोगामुळें इजा झाली तर उपचार व भरपाई मिळण्याची तरतूद आहे. मुलांच्या बाबतींत पालकांची संमति तर लागतेच. शिवाय सात वर्षांवरील मुलाचें स्वतःचें म्हणणेंहि विचारावें, आणि बारा वर्षांवरील मुलाचा होकार लेखी घ्यावा, असें परिषदेचे नियम सांगतात. आमच्या शाळेंतील बहुतेक वाचक या वयांतलेच आहेत. नेहमींचें लसीकरण म्हणजे प्रयोग नव्हे, तें पारखून झालेलें असतें. त्याची धास्ती घेऊं नये. पण उद्यां कोणी खऱ्याखुऱ्या प्रयोगासाठीं तुमच्यापुढें आला, तर तुम्हीं पुढील गोष्टी अवश्य विचाराव्या: हें माझ्या उपचारासाठीं आहे कीं तुमच्या अभ्यासासाठीं? मला अपाय झाला तर कोण पाहील? मीं ‘नाहीं’ म्हटलें तर माझी नेहमींची सोय बंद होईल काय? मधेंच सोडतां येईल काय? आणि गुण आला तर तें औषध माझ्या गांवास मिळेल काय? हे प्रश्न विचारणें म्हणजे उद्धटपणा नव्हे. सज्जन शास्त्रज्ञास ते आवडतील.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं उद्यां डॉक्टर, परिचारिका, औषधशास्त्रज्ञ होतील, आणि सुई हातांत घेऊन एखाद्या पाड्यावर उभे राहतील. त्या वेळीं त्यांनीं हाफकिन यांचें धैर्य आठवावें, पण त्याबरोबर भायखळ्याच्या त्या अनामिक कैद्यासहि आठवावें. ज्याच्यापुढें आपण उभे आहों त्याची भाषा आपणांस येते काय, त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ आपणांस कळतो काय, आणि तो मान हलवून ‘नको’ म्हणाला तर हंसतमुखानें परत फिरण्याची आपली तयारी आहे काय, हें स्वतःस विचारावें.

त्या मुलानें विचारलें होतें, “त्याला कोणी विचारत असेल का?” आम्हीं शोधून पाहिलें. कोठें विचारलें होतें, कोठें अर्धवट विचारलें होतें, आणि कोठें विचारलेंच नव्हतें. पुढच्या वेळीं तरी उत्तर एकच यावें, हें त्या मुलाच्या व त्याच्या सोबत्यांच्या हातीं आहे.